आमची हवा त्र्याहत्तर

अजूनही कोनी माह्यासमोर 'हवेचा दाब शहात्तर सेंटिमीटर' म्हटलं का माह्या डोक्यात जाते. कुठची हवा? कोनाची हवा? ते तर सांगा आधी! आई म्हणते, जाऊ दे ना वं आता, झालं गेलं. पण कसं जाऊ देऊ? हवा काय जुनी होते का? आजही तेवढीच आहे. आजही भिंतीवर पारा तिथंच उभा आहे अन् आजही कोनी त्याच्याकडं पाहून नाही राहिलं.

गोष्ट बी.एस्सी. पार्ट वनच्या प्रॅक्टिकल परीक्षेची आहे. आमच्या कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये भिंतीवर बॅरोमीटर आहे. लांब लाकडी पेटी, समोरून काच, आत उभी नळी अन् नळीत पारा. बाहेरची हवा खालच्या वाटीतल्या पाऱ्यावर दाबते म्हणून नळीत पारा चढते. हवा जितकी दाबन तितका पारा वर. बाजूच्या पट्टीवर पाहाचं, किती सेंटिमीटर ते लिहाचं, झाला हवेचा दाब. इतकं सोपं! पण आमच्या कॉलेजात ते पाहाची पद्धतच नाही. पेटीले कुलूप अन् चावी हेड सरायच्या ड्रॉवरमध्ये. नळी फुटली तं? पारा सांडला तं? म्हणून कुलूप.

मंग पोट्ट्यायनं प्रॅक्टिकल कसं कराचं? तर फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात खडूनं लिहिलेलं आहे, एच, म्हणजे हवेचा दाब, बरोबर ७६.०. भोवती चौकट. चौकटीखाली 'पुसू नये'. माह्या शेजारच्या दादानं त्याच लॅबमध्ये पार्ट वन केलं होतं, तो म्हणे आमच्या वेळीही हेच होतं. म्हणजे पाहा! उन्हाळा असो का पावसाळा असो, वादळ येवो का झाडाचं पान न हालो, आमच्या लॅबमधली हवा वर्षानुवर्षं बरोबर शहात्तर! हवा नाही, हेडमास्तर झाली ते!

आता कोनी म्हणन, असेना का, तुले काय त्रास? त्रास सांगते. आम्हाले एक प्रयोग असते. एका बंद नळीत थोडी हवा कोंडलेली राहते. तिच्यावर पारा चढवून दाब वाढवाचा, का हवा आकसते. दाब अन् हवेची जागा, या दोघांचा गुणाकार केला तर दर वेळी उत्तर सारखंच आलं पायजे. नियमच आहे तसा. अन् दाब म्हणजे नळीतला पारा अधिक बाहेरच्या हवेचा दाब. म्हणजे तोच फळ्यावरचा शहात्तर.

मी वर्षभर तो प्रयोग केला अन् वर्षभर माहं उत्तर घसरत गेलं. पहिलं मोठं, दुसरं त्याच्याहून लहान, तिसरं आणखी लहान. जिन्याच्या पायऱ्यांवानी. कधी वर गेलं नाही, कधी मधात अडकलं नाही. दर वेळी खालीच! मी डेमॉन्स्ट्रेटर सरायले विचारलं तर म्हणाले, "रीडिंग काळजीपूर्वक घे." घेतलं. पुन्हा जिना.

माह्या टेबलावर माही मैत्रीण असायची. आम्ही दोघी नागपुरातल्या महाल भागातल्या, एकाच गल्लीतल्या, एकाच सायकलवर डबल सीट येत होतो. ती म्हणे, "जुळवून घे ना वं. सगळेच जुळवतात."

"जुळवू काहून? खरं काहून येत नाही?"

"अवं, आधी उत्तर लिहाचं, मंग मागं मागं येत रीडिंग बनवाचं. तू उलटीकडून काहून चालून राहिली?"

मी उलटीकडून चालून राहिली होती म्हणे! 

एक सांगून ठेवते, म्हणजे पुढं समजन का मी एवढी काहून तडफडली. आमच्या घरी बाबाचा नियम होता, पोरगं असो का पोरगी, शिका पायजे तेवढं, पण एका वर्गात दोनदा बसाचं नाही. माह्या मोठ्या भावानं मॅट्रिकले गचका खाल्ला तर दुसऱ्या दिवशी त्याले कन्हानले मामाच्या आरामशीनवर पाठवून दिलं. तो अजून तिथंच लाकडं कापून राहिला आहे. अन् पोरीले तर आरामशीनही नाही. माह्यासाठी कामठीचं एक स्थळ आत्या कधीचं बगलेत घेऊन बसली होती. अन् आमच्या युनिव्हर्सिटीत प्रॅक्टिकलमध्ये नापास म्हणजे अख्खं वर्ष नापास. समजलं ना?

तर परीक्षेचा दिवस. एप्रिलचं ऊन. बाहेरगावचे परीक्षक, म्हणजे एक्सटर्नल, आलेले, मुंबईकडचे. ते येणार म्हणून लॅब घासूनपुसून चकाचक, पितळेचे स्क्रू लिंबानं चमकवलेले. अन् बॅरोमीटरची पेटी उघडी! वर्षात पहिल्यांदा! शोभेले उघडून ठेवली होती, पाहुण्यासमोर शोकेस उघडतात तशी.

चिठ्ठीत आमच्या अख्ख्या बॅचले तोच प्रयोग निघाला. मी तडक भिंतीपाशी गेली. पुस्तकात लिहिलं होतं तसा खालचा स्क्रू फिरवला, वाटीतला पारा वर आणला, वाटीवरच्या पांढऱ्या सुईच्या टोकाले त्याची पाऱ्यातली सावली भिडली तसा थांबवला, अन् वर पाह्यलं.

त्र्याहत्तर पॉइंट एक.

मले वाटलं चुकली. पुन्हा स्क्रू सोडला, पुन्हा लावला. त्र्याहत्तर पॉइंट एक. मागून मैत्रीण माही वेणी ओढून राहिली, "अवं चाल ना! फळ्यावर आहे ना लिहिलेलं!" मी ऐकलं नाही. मी टेबलावर आली, त्र्याहत्तर पॉइंट एक धरून गुणाकार केले. अन् बाप्पा! उत्तरं एका रांगेत बसली! पहिलं, दुसरं, तिसरं, सगळी सारखी. जिना गायब! मले असं वाटलं का टेबलावर उभं राहून ओरडावं. वर्षभर माही रीडिंग खरी होती! खोटा तर फळा होता!

मी आनंदात अजून पुढं गेली. सेंटिमीटरचं मिलिबार करून दाखवलं, प्रश्नात विचारलंच होतं. पाऱ्याची उंची गुणिले पाऱ्याची घनता गुणिले गुरुत्व, डाइनमध्ये उत्तर, त्याले हजारानं भागलं का मिलिबार. माहे आले नऊशे चौऱ्याहत्तर. खाली दोन रेघा ओढल्या.

एक्सटर्नल फिरत फिरत आले. पांढरा बुशशर्ट घामानं पाठीले चिकटलेला, हातात रुमाल. "काय जड हवा आहे हो तुमच्या नागपूरची," हेड सरायले म्हणून राहिले. मंग माह्या पेपरवर वाकले. खिशातून लाल पेन काढला अन् ७३.१ भोवती गोल केला. एवढा मोठा गोल का आजूबाजूचे आकडेही त्यात आले.

"हे काय आहे?"

"हवेचा दाब आहे सर."

"शहात्तर कुठे गेला?"

"सर, मी बॅरोमीटर पाह्यला. त्र्याहत्तर पॉइंट एकच आहे."

"म्हणजे नऊशे चौऱ्याहत्तर मिलिबार? इतका दाब उतरला तर चक्रीवादळ येतं, बाई. छपरं उडतात. तुझ्या गावात वादळ चाललंय का आत्ता?"

सगळे खिडकीकडं पाहून हसले. बाहेर कडुनिंबाचं पानही हालत नव्हतं.

"बाकीच्यांची रीडिंग शहात्तर आहेत. मॅडम कुठल्या हिल स्टेशनवर बसल्यात?" असं म्हणून त्याईनं सगळ्या पानावर एक आडवी रेघ मारली. हवा चुकली म्हणजे पुढचं सगळंच चुकलं म्हणे. जुळवलेले पास, अन् मोजलेली नापास! सांगा, डोक्यात जाईन का नाही?

हेड सर मले बाहेर घेऊन आले. माणूस वाईट नाही, पण भेकड. "पोरी, उद्या दुसरी बॅच आहे. दुपारपर्यंत मार्क जात नाहीत. सकाळी ये अन् साहेबांची माफी मागून घे. म्हण घाईत पाहिलं. मी सांभाळतो."

"पण सर, तुमीच पाहा ना पेटीत!"

"मी काय पाहू? मले माहीत आहे."

मले वाटलं त्याईले माहीत आहे का शहात्तर आहे. आता वाटते, त्याईले माहीत होतं का नाही आहे!

सायकलवर मैत्रीण मागं बसून बोलत होती, मी पायडल मारत होती. "एक शब्द सॉरी म्हटलं तर तुहं काय तोंड झिजते?" पण माह्या मनात एक किडा वळवळून राहिला होता. त्याईनं चक्रीवादळ म्हटलं होतं. खरंच, नऊशे चौऱ्याहत्तर खूपच कमी आहे का? बॅरोमीटरच बिघडलेला असन तर?

मी सायकल वळवली. आमच्या कॉलेजच्या आर्ट्सच्या इमारतीत भूगोलाच्या वर्गाबाहेर हवामानाचे नकाशे लावलेले राहतात, डाकेनं येतात. त्यात हवेच्या दाबाच्या रेघा असतात. एका रेघेवर जेवढी गावं, त्या सगळ्या गावांचा दाब सारखा. मी त्याच आठवड्यातला नकाशा शोधला अन् बोटानं नागपूर गाठलं. नागपूरवरून रेघ चालली होती. रेघेवर आकडा, १००८ मिलिबार.

मी तिथंच भिंतीवर पेन्सिलीनं हिशोब केला. एक हजार तेरा म्हणजे शहात्तर, तर एक हजार आठ म्हणजे किती? पंच्याहत्तर पॉइंट सहा.

पंच्याहत्तर पॉइंट सहा! जवळजवळ शहात्तरच! सरकारी नकाशा सांगून राहिला का मी चुकली. मैत्रीण हळूच म्हणाली, "पाह्य, झालं ना? चाल आता घरी." मले डोळ्यासमोर कामठीचं स्थळ दिसाले लागलं, कांदेपोहे घेऊन.

मी निघणारच होती. पण माहं बोट त्या रेघेवरच होतं, ते आपलं रेघेसोबत सरकत गेलं. वरती पचमढी. त्याच रेघेवर. खाली वळसा घेऊन विशाखापट्टणम. त्याच रेघेवर!

मी थांबली. पचमढीले आमची शाळेची सहल गेली होती. मोटार घाट चढता चढता अर्ध्या पोट्ट्या ओकल्या होत्या, कान बंद झाले होते, उन्हाळ्यात स्वेटर लागला होता. अन् विशाखापट्टणम तर समुद्रात पाय सोडून बसलेलं. डोंगरावर डोक्यावरची हवा कमी राहते, तर दाबही कमी राहणारच. मंग डोंगर अन् समुद्र एका रेघेवर कसे?

"हे खोटं आहे," मी ओरडली.

"आता सरकारही खोटं का वं?" मैत्रीण म्हणाली.

ओरडा ऐकून भूगोलाच्या मॅडम बाहेर आल्या. मी नकाशा दाखवला, पचमढी दाखवली. त्या हसल्याच. "अगं, हा दाब मोजलेला तसाच छापत नाहीत. प्रत्येक गावाचा दाब समुद्रपाटीवर आणून छापतात. म्हणजे गाव समुद्राकाठी असतं तर किती आला असता, तो. नाहीतर नकाशात नुसते डोंगरच दिसतील, वादळ कसं कळेल?"

"अन् नागपूर किती उंच आहे मॅडम?"

"हजारेक फूट."

"हजार फुटाले किती फरक पडते?"

"साधारण एक इंच पारा."

एक इंच म्हणजे अडीच सेंटिमीटर! नकाशातल्या पंच्याहत्तर पॉइंट सहातून अडीच गेले का किती? त्र्याहत्तर पॉइंट एक! मी मॅडमच्या पाया पडली का काय केलं मले आठवत नाही. नकाशा मात्र मागून घेतला.

आता राग पाहा माहा. घरी येईपर्यंत तो वाढतच गेला. म्हणजे आमच्या पायाखाली हजार फूट जमीन आहे, ते कोनाच्या ध्यानातच नाही! पुस्तक समुद्राकाठी लिहिलं, आकडा समुद्राकाठचा, अन् आम्ही नागपूरच्या हवेत उभं राहून समुद्राचा आकडा लिहून राहिलो! इंच करा, सेंटिमीटर करा, मिलिबार करा, सायकलच्या दुकानातल्यावानी पौंड करा, आकडा बदलते, हवा बदलते का? खोट्याचं कितीही रूपांतर केलं तरी ते खोटंच राहते ना! 

रात्री जेवताना बाबाले सांगतलं. बाबानं वरणात भाकर कुस्करता कुस्करता शांतपणे ऐकलं.

"तर मंग शहात्तर लिहून टाकाचं ना."

"बाबा!"

"आता मले काय समजते त्यातलं? पण नियम माहीत आहे ना तुले?"

"माहीत आहे."

"मंग झालं. जेव."

सकाळी मी नकाशा घेऊन लॅबमध्ये. माफी मागाले आली म्हणून हेड सर खूश झाले, खुर्चीही सरकवली. मैत्रीण दारात उभी. मी एक्सटर्नलच्या टेबलावर नकाशा पसरला अन् सगळं सांगतलं. पचमढी, विशाखापट्टणम, एक इंच, सगळं. माहा आवाज इतका चढला का दुसऱ्या बॅचचे पोट्टे काम सोडून पाहाले लागले.

"सर, नऊशे चौऱ्याहत्तर हा इथला दाब आहे. एक हजार आठ हा समुद्रपाटीवर आणलेला. वादळ नाही आलं सर, आम्ही उंच आहो फक्त."

ते उठले. पेटीपाशी गेले, चष्मा कपाळावर चढवला, स्क्रू फिरवला. वाकून पाह्यलं. मंग रुमालानं मान पुसली अन् पुन्हा पाह्यलं.

"बहात्तर पॉइंट नऊ," ते म्हणाले. हळूच, स्वतःलेच सांगावं तसं.

हवा रोज थोडी खालीवर होते, पण शहात्तर कुठंच नव्हतं. मले वाटलं जिंकली! पण पाहा ना, कसे असतात हे लोकं. ते परत येऊन बसले अन् कालच्या पेपरांचा गठ्ठा हातानं दाबला.

"समज, तुझं बरोबर धरलं. मग या सगळ्यांचं चूक धरावं लागेल. यांनी तर आकडे जुळवलेत, हे आता मला स्पष्ट दिसतंय. सगळा वर्ग नापास करू?"

मी दाराकडं पाह्यलं. मैत्रिणीचं तोंड पांढरंफटक. काल माही वेणी ओढणारी पोरगी, पण तिच्याही घरी काही कमी नियम नव्हते.

"त्याईले काहून नापास करता सर? त्याईनं फळ्यावर होतं ते लिहिलं. फळ्यावर कोनी लिहिलं?"

हेड सर पंख्याकडं पाहाले लागले. इतक्या ध्यानानं का जसा पंखा आजच बसवला!

एक्सटर्नलनं माहा पेपर काढला. समोर ठेवला, लाल पेनही ठेवला. "हे बघ, वाद नको. त्र्याहत्तर पॉइंट एकच्या बाजूला तुझ्या हातानं शहात्तर लिही, सही कर. मी पूर्ण मार्क देतो. सगळ्यांचं सारखं होईल, कुणाचं नुकसान नाही."

"लिही पोरी, लिही," हेड सर म्हणाले.

मैत्रीण दारातून हातानं खुणा करून राहिली, लिही, लिही. अन् मी खोटं कशाले बोलू, पेन मी उचललाही. मले वर्ष दिसत होतं, बाबा दिसत होता. पण लिहाचं काय? मी तर काल तो पारा डोळ्यानं पाह्यला होता! अन् त्याईनंही तर आत्ता पाह्यला होता! दोघांनी पाहून मंग दोघांनी मिळून शहात्तर लिहाचं?

"सर, तुमीच लिवा," मी म्हटलं. "तुमचा पेन आहे, तुमचा लाल गोल आहे. माह्या हातानं नाही होत."

ते रागावले का लाजले, मले अजून समजलं नाही. मंग पेपर ओढला, आडवी रेघ खोडली, गुणाकाराचे मार्क दिले, अन् रीडिंगसमोर भोपळा काढला. लाल गोल तसाच ठेवला. "जा," म्हणाले.

निकाल लागला. पास झाली, काठावर. बाबा पेढे घेऊन आला अन् मी कोपऱ्यात बसलेली.

"पास झाली ना? मंग काहून रडून राहिली?"

"रडून नाही राहिली, चिडून राहिली!"

"पासवरही चिडतात का कोनी," म्हणून त्यानं एक पेढा माह्या तोंडात कोंबला. आत्याले सांगतलं का स्थळ सध्या राहू दे. तेवढं एक चांगलं झालं.

अन् आता पार्ट टू. गेल्या आठवड्यात नवीन पोट्टे लॅबमध्ये आले. सुट्टीत फळे रंगवले होते, काळेकुळकुळीत, चौकट पुसली गेली. हेड सरायनं सगळ्यायच्या समोर मले बोलावलं, हातात खडू दिला. तो जुना वाद ते विसरले, का विसरल्यासारखं करून राहिले, देव जाणे. "तुझं अक्षर चांगलं आहे. तिथं कोपऱ्यात एच लिहून दे. मोठ्या अक्षरात. खाली 'पुसू नये'."

मी स्टुलावर चढली. 'एच' लिहिलं. बरोबरचं चिन्ह काढलं. समोर भिंतीवर पुन्हा कुलूप लावलेली पेटी होती, काचेत खिडकीचं ऊन चमकून राहिलं होतं, पारा काही इथून दिसत नव्हता. मी खाली पाह्यलं अन् हात पुढं केला.

"लिहिते सर. आधी चावी द्या."